पणजोबांच्या साप्ताहिकावर सरकारची कात्री चालली होती का?

प्रश्न ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांचे पणजोबा ठाण्यातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कंपोझिटर, होते. जुनं घर रिकामं करताना पत्र्याच्या ट्रंकेत एका मराठी साप्ताहिकाचे अकरा अंक निघाले, सगळे १९०६ ते १९०८ मधले. त्या विचारतात : "सगळे अंक पानोपान पाहिले. कुठे खोडलेलं नाही, एकही रकाना कोरा नाही. मग आम्ही वर्गात शिकवतो ती देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी नेमकी व्हायची कशी? आणि १९०८ नंतरचा अंकच नाही, म्हणजे पत्र बंद पाडलं असेल का? शोधायचं कुठे?"

जुन्या वृत्तपत्रांच्या फायली लावणं, त्यांची सूची करणं, फाटलेली पानं सांधणं हे काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येणार नाही, आणि मला ते तसं द्यायचंही नाही.

आधी कोऱ्या रकान्याचं बघू. तुम्हाला तो सापडला नाही यात नवल काही नाही. सेन्सॉर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो लाल पेन्सिल घेतलेला साहेब. तसा साहेब होऊन गेला, पण फार आधी. १७९९ साली गव्हर्नर जनरल वेलस्लीने छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवण्याची सक्ती केली, १८१८ मध्ये ती उठली. १८२३ मध्ये बंगालात परवान्याचा नियम आला आणि त्याच्या निषेधार्थ राममोहन रॉय यांनी आपलं फारसी पत्र बंद केलं. १८३५ मध्ये मेटकाफने हे परवाने काढून टाकले. बंडाच्या वर्षी, १८५७ मध्ये, कॅनिंगने परवाना परत आणला, तोही वर्षभरापुरता. त्यानंतर लढाईचे दिवस सोडले तर तुमच्या पणजोबांच्या काळापर्यंत साधारण रीत अशी होती की आधी छापा, मग आम्ही वाचतो, आणि मग बघतो. छापण्याआधी कुणी हात धरत नसे. त्यामुळे या मुस्कटदाबीची खूण छापलेल्या पानावर सहसा दिसत नाही.

एक जागा मात्र आहे. तुमच्या अंकाचं शेवटचं पान उलटा आणि सगळ्यात खाली, बारीक टायपातली ओळ वाचा. "हे पत्र ठाणे येथे अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून तेथेच प्रसिद्ध केले" अशा धर्तीची ओळ असेल. वाचक तिच्याकडे बघत नाहीत, मी अंक हातात आला की पहिल्यांदा तीच बघतो. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तकनोंदणीच्या कायद्याने ती सक्तीची होती. छापखाना घालायचा तर जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं. पत्र काढायचं तर छापणाऱ्याने आणि प्रसिद्ध करणाऱ्याने आणखी एक करायचं. जागा बदलली, माणूस बदलला, की पुन्हा नवं. ठाण्याच्या माणसाला त्यासाठी ठाण्याच्या कलेक्टरच्या कचेरीतच जावं लागे. म्हणजे ती ओळ हा सरकारने आधीच घेऊन ठेवलेला पत्ता होता. उद्या मजकूर खुपला तर कुणाच्या दारात शिपाई पाठवायचा, हे तिच्यात लिहिलेलं असे.

आणि तिच्यात संपादकाचं नाव नसे, हे लक्षात ठेवा. प्रत्येक अंकावर संपादकाचं नाव छापायची सक्ती १९२२ मध्ये आली. त्याआधी कायद्याच्या हाती आयता सापडे तो मुद्रक आणि प्रकाशक. १८९७ च्या 'केसरी' खटल्यात टिळकांच्या शेजारी आरोपी म्हणून उभे होते ते मुद्रक केशव महादेव बाळ. ते सुटले, पण उभं तर राहावं लागलंच. लेख लिहिणारा एक आणि त्याचे खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) जुळवून देणारे दुसरे, दोघांनाही राजद्रोहाची टांगती तलवार. तुमच्या पणजोबांनी रात्री दिव्याखाली केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलताना हे सगळं माहीत असूनच उचललेलं आहे. पाठ्यपुस्तकात छापखान्यातली ही माणसं येत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता छापून झाल्यानंतरचं वाचन. मुंबईत सरकारचं प्राच्य भाषांतरकाराचं कार्यालय होतं, कागदोपत्री नाव 'ओरिएंटल ट्रान्सलेटर'. इलाख्यातली देशी पत्रं तिथे जात, तिथले मराठी, गुजराती, उर्दू, कानडी जाणणारे नोकर ती वाचत आणि महत्त्वाच्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढत. १८६८ पासून असा साप्ताहिक अहवाल निघू लागला. गोपनीय होता, वरच्या अधिकाऱ्यांपुरताच फिरे. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हाचं आठवतं. फुलस्केप आकाराचं पान, एकेक परिच्छेद क्रमांक घालून, आणि समासात पत्राचं नाव आणि तारीख. सुरुवातीला सगळ्या पत्रांची यादी. तिच्यातले रकाने बघा : पत्राचं नाव, गाव, साप्ताहिक की मासिक, संपादकाचं नाव, त्याची जात, त्याचं वय, आणि खप. 'हिंदू (चित्पावन ब्राह्मण)' असं लिहून पुढे वय. जाहिरातीसाठी वर्तमानपत्र जोखणाऱ्याला माणसाची जात नि वय लागत नाही. माणसावर नजर ठेवणाऱ्याला लागतं.

त्या यादीत 'ठाणा' शोधलंत की आपल्या गावाची पत्रं भेटतात. 'अरुणोदय' ठाण्याचं, १८६६ पासूनचं. 'हिंदु पंच' हे विनोदी पत्रही ठाण्याचं. रेल्वे गावात १८५३ मध्ये आली आणि त्यानंतर तेरा वर्षांत गावाला स्वतःचं साप्ताहिक होतं, ही गोष्ट आज तलावपाळीवर फिरणाऱ्या किती जणांना माहीत असेल! खप बहुतेक साप्ताहिकांचा शेकड्यांतच. पण शेकड्यांचा खप म्हणजे शेकडोच वाचक, असं नव्हतं. एक अंक वाड्यात, दुकानात मोठ्याने वाचला जाई, हातोहात फिरे. सरकारला हे ठाऊक होतं, म्हणून पाचशे खपाचं पत्रसुद्धा ते वाचत असे.

काय वाचत असे? राजद्रोहच असं नाही. जंगलखात्याचा जाच, आबकारी, दुष्काळातली सारावसुली, गोऱ्या साहेबाने कुणाला मारलं आणि कोर्टाने किरकोळ दंडावर सोडलं, असे विषय या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. १८८० च्या दशकात ठाणे नि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला खास चौकशी आयोग नेमावा लागला. लोकांचं दुखणं काय आहे हे सरकार देशी पत्रांतूनच समजून घेई. तेच दुखणं शब्दांत मांडणाऱ्याला मात्र यादीत नोंदवून ठेवी.

१८७८ चा व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट तुम्ही वर्गात शिकवता, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. मुस्कटदाबी म्हटली की सगळ्यांना तोच आठवतो, कारण तो उघड उघड भाषेवर बेतलेला होता. दक्षिणेत आणि महाराष्ट्रात भीषण दुष्काळ, तिकडे अफगाण सरहद्दीवर लढाईची तयारी, आणि व्हाइसरॉय लिटनच्या सरकारवर देशी पत्रांचा भडिमार. १४ मार्च १८७८ रोजी एकाच बैठकीत कायदा मंजूर झाला. मॅजिस्ट्रेटने मुद्रक-प्रकाशकाकडून मुचलका घ्यायचा, हवं तर अनामत घ्यायची, पुन्हा चूक दिसली की छापखान्याचं सामान जप्त. त्याच्या निर्णयावर कोर्टात अपील नाही. आयर्लंडमध्ये वापरलेल्या दडपशाहीच्या कायद्याचा हा नमुना होता. इंग्रजी पत्रं यातून पूर्ण मोकळी. तेच वाक्य इंग्रजीत चालेल, मराठीत चालणार नाही! कलकत्त्याची 'अमृतबझार पत्रिका' त्याच महिन्यात बंगाली सोडून पूर्ण इंग्रजी झाली, ती यामुळेच. रिपनच्या काळात, १८८२ मध्ये, कायदा रद्द झाला. म्हणजे तो टिकला चार वर्षंसुद्धा नाही. मुलांना सांगताना एवढं जरूर सांगा की 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, हा कायदा पुस्तकात असतानाच निघालेला.

पण खरा टिकाऊ फास तो नव्हताच. तो होता १८७० मध्ये दंडविधानात घातलेलं १२४ अ कलम, राजद्रोहाचं. ते सगळ्या भाषांना सारखंच लागू होतं. लागू सारखं, पण चालवताना मराठी लेखकाची गत वेगळी होई, आणि तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे ते हेच.

१८९७ घ्या. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची, आणि ज्यूरीत सहा युरोपियन, तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा अठरा महिने. मजकूर मराठी, आणि दोषी ठरवणाऱ्यांच्या हातात इंग्रजी तर्जुमा! कवितेची लय, पवाड्याची सवय, 'उद्गार' या शब्दातलं आर्जव, यातलं तर्जुम्यात काय उतरणार? स्ट्रॅचींनी कलमातल्या 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा ज्यूरीला सांगितला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलम आणखी रुंद केलं.

१९०८ मध्ये तेच, जास्त कडक. १२ मे चा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख. या वेळी टिळकांनी स्वतःच स्वतःचं काम चालवलं आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. 'माथेफिरू'सारख्या शब्दाला तुम्ही इंग्रजीत कुठला शब्द घातलात, का घातलात, त्याचा मराठीतला अर्थ तसा होतो का, हे एकेक शब्द धरून. मराठी शब्दासाठी भर कोर्टात इतकी झुंज क्वचितच कुणी दिली असेल. ज्यूरी सात विरुद्ध दोन, न्यायमूर्ती दावर, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, आणि रवानगी मंडालेला. त्याच वर्षी 'काळ'च्या शिवराम महादेव परांजप्यांना एकोणीस महिने. परांजप्यांची शैली वक्रोक्तीची. स्तुतीच्या भाषेत असं लिहीत की वाचकाला कळावं आणि कोर्टात धरता येऊ नये. ती शैली आपण साहित्याच्या तासाला अलंकार म्हणून शिकतो. ती कलम १२४ अ च्या दहशतीत घडलेली आहे, हे त्याच तासाला सांगायला हवं. आणि ठाण्याच्या 'अरुणोदय'च्या संपादकांवरही राजद्रोहाचा खटला झाला तो १९०८ मध्येच. म्हणून तुमचे अंक १९०८ ला थांबतात हे वाचल्याबरोबर मी सरसावून बसलो.

तरीही खटला हा शेवटचा उपाय होता. खटल्याने नाव होतं, गर्दी जमते, आरोपीला भाषण करता येतं. १९०८ च्या जूनमध्ये चिथावणीच्या नावाखाली छापखाना जप्त करायचा कायदा आला, आणि १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने त्याहून बिनबोभाट हत्यार काढलं, ते म्हणजे जामीन, सरकारकडे आधीच ठेवायची अनामत रक्कम. नवा छापखाना घालणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये, आधीच्या छापखान्याकडून ५,००० पर्यंत. मजकूर आक्षेपार्ह ठरला की रक्कम सरकारजमा. पुन्हा सुरू करायचं तर १,००० ते १०,०००. मग पुन्हा चूक झाली की रक्कमही गेली नि यंत्रही गेलं.

हे आकडे एका छोट्या साप्ताहिकाच्या अंगणात ठेवून बघा. समजा वर्गणीदार पाचशे आणि वर्षाची वर्गणी दोन रुपये. सगळ्यांनी वेळेवर भरली तरी (आणि तशी कधी भरली जात नसे) वर्षाचे हजार रुपये. त्यातून कागद, शाई, टपाल, पगार. अशा माणसाला दोन हजारांचा जामीन म्हणजे दोन वर्षांची सगळी आवक. आणि जामीन भरायचा छापखानेवाल्याने. त्याच यंत्रावर लग्नपत्रिका निघतात, पावतीपुस्तकं निघतात, वकिलांचे कागद निघतात. पत्र त्याच्या धंद्यातला लहानसा भाग. मग शनिवारी रात्री मुद्रितं (तपासायच्या कच्च्या छापप्रती) हातात आली की तोच संपादकाला म्हणणार, "हे स्फुट या आठवड्यात राहू द्या." लाल पेन्सिल सरकारने त्याच्याच हातात दिली होती. आणि त्याने गाळलेल्या स्फुटाच्या, म्हणजे छोट्या संपादकीय टिपणाच्या, जागी कोरा रकाना राहत नाही, औषधाची जाहिरात येते.

म्हणून कोरी जागा शोधू नका. मजकुराचा सूर कुठे बदलतो ते शोधा. तुमचे अकरा अंक तारखेने लावा आणि फक्त अग्रलेख नि स्फुटं सलग वाचा. स्थानिक कारभारावर नाव घेऊन होणारी टीका कुठल्या अंकापासून नाहीशी होते? 'आमच्या कानावर आले आहे', 'एका बातमीदाराने कळविले आहे' अशी वाक्यं कधी वाढतात? रामायण-महाभारतातल्या गोष्टी अचानक का सांगितल्या जाऊ लागतात? कीचकाची गोष्ट लोक व्हाइसरॉय कर्झनची म्हणून बघत, म्हणून खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. जे रंगभूमीवर चाललं ते स्फुटांतही चालत होतं.

ठाण्यात हे सगळं किती जवळजवळ होतं, तेही सांगतो. कलेक्टर कचेरी, कोर्ट, आणि किल्ल्याचा केलेला तुरुंग, चालत जाण्याच्या अंतरावर. १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खून प्रकरणातले कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना याच तुरुंगात फाशी दिलं. ज्यांचं सत्तावन्नच्या युद्धावरचं पुस्तक छापून होण्याआधीच सरकारने बंद करून टाकलं होतं, ते सावरकर अंदमानला जाण्यापूर्वी इथेच होते. गावातला छापखानेवाला रोज या भिंतीवरून जात असे. त्याच्या भित्रेपणावर आज बोट ठेवणाऱ्यांनी ही भिंत लक्षात ठेवावी.

आता शोधायचं कुठे. पहिली पायरी शेवटची ओळ : अकराही अंकांवरची वेगवेगळी उतरवून घ्या. मुद्रकाचं नाव मधेच बदललं असेल तर ती तारीख लाखमोलाची, कारण तेव्हा नवं प्रतिज्ञापत्र झालेलं असणार. मग मुंबईत, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे देशी पत्रांच्या अहवालाचे १९०७ ते १९१० चे खंड मागा. आधी यादी बघा. ज्या यादीतून तुमचं पत्र गळलेलं दिसेल, त्याच्या मागच्या काही आठवड्यांचे परिच्छेद वाचा. ठाण्याचं स्पेलिंग जुन्या पद्धतीने 'ठाणा' (Thana) म्हणून शोधायचं. न्याय खात्याच्या फायलीही मागा, खटला किंवा जामीन झाला असेल तर कागद तिथे निघू शकतो. आणि गावातल्या गावात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे विचारल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू नका.

एक गोष्ट मनाला लागून राहिलेली आहे, ती इथे लिहितो. वीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका संस्थेत एका जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली असल्याचं कळलं. मी गेलो तेव्हा आठवडा उलटून गेला होता, खोली रंगवायची म्हणून सगळं रद्दीत गेलं होतं. कोपऱ्यात कापडी पुठ्ठ्याचा एक कणा तेवढा पडला होता. त्या पत्रातलं आज जे काही वाचायला मिळतं, ते सरकारी भाषांतरकाराने केलेल्या गोषवाऱ्यात, इंग्रजीत, तिसऱ्या पुरुषी. मूळ मराठी वाक्य कुठेच नाही. कित्येक लहान पत्रांची हीच अवस्था आहे. तुमच्या ट्रंकेतले अकरा अंक म्हणजे मूळ मराठी वाक्यं आहेत, म्हणून मी इतकं लांबवून लिहितो आहे.

तेव्हा अंकांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडीवर पिवळट तपकिरी रेघ दिसत असेल तिथे कागद मेलेला आहे, पुन्हा त्याच घडीवर दुमडला तर तुकडा पडेल. खिडकीपाशी, उन्हात न ठेवता, फ्लॅशशिवाय प्रत्येक पानाचा फोटो काढा, शेवटच्या ओळीचा वेगळा, जवळून. तुकडे पडले असतील तर टाकू नका, ज्या अंकाचे त्याच्याबरोबर पाकिटात ठेवा. मला दाखवायला आणाल तेव्हा दोन सरळ पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून, वरून सैल नाडी बांधून आणा. आणि लोकलने येणार असाल तर दुपारची वेळ बघा, सकाळच्या गर्दीत ते अंक ठाण्यापर्यंत धड पोहोचायचे नाहीत.